बाईसाहेबांचा न संपणारा मोसम

आमच्या डोक्यावर बरसातीत राहणाऱ्या हवामानवाल्यांइतका अचूक आणि त्याच वेळी इतका चुकणारा माणूस मी चंदीगडच्या अकरा वर्षांत दुसरा पाहिला नाही. गच्चीवरच्या एकुलत्या एका खोलीला तिथे बरसाती म्हणतात. सेक्टर एकोणीसमधल्या त्या घरात खाली घरमालकीण बीजी आणि त्यांचे यजमान दारजी, मधल्या मजल्यावर आम्ही आणि गच्चीवर हे. हवामान खात्यात निरीक्षक, मूळचे वाईचे, पन्नाशी ओलांडलेले, मूलबाळ नाही, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. मी तिथल्या वैद्यकीय संस्थेत नर्सिंग शिकवत होते. आमचे हे दूरध्वनी खात्यात, महिन्यातले वीस दिवस हिमाचलच्या डोंगरांत तारा ओढत फिरायचे, आणि मुलगा पुण्याला वसतिगृहात. म्हणजे संध्याकाळी घरात मराठी शब्द कानावर पडायचा तो जिन्यात हवामानवाले भेटले तरच, आणि तोही बहुधा आर्द्रतेविषयी असायचा.

रोज सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या दोन वेळा त्यांच्यासाठी त्रिकाळ संध्येपेक्षा पवित्र होत्या. त्या वेळी वेधशाळेत जाऊन तापमापक वाचायचा, वारा बघायचा, मान वर करून आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी भरलेत ते वहीत लिहायचं. ही आठ भागांची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जगातली कुठलीही गोष्ट ते आठातच मोजत. आमटीला तिखट किती झालंय विचारलं तर म्हणत, "आठापैकी पाच." आमच्या ह्यांचा स्वभाव आठापैकी तीन ढगाळ आहे, असं त्यांनी एकदा मला अत्यंत गांभीर्याने सांगितलं होतं, आणि ते मला मान्य करावं लागलं. बीजींना त्यांच्या वड्या वाळत घालायच्या असल्या की त्या खालूनच ओरडून विचारत, मौसमवाले भाईसाहब, आज डालूं? हवामानवाले गच्चीच्या कठड्यावरून वाकून, ओलं बोट हवेत धरून उत्तर देत. सहा वर्षांत बीजींच्या वड्या एकदाही भिजल्या नाहीत. स्वतः हवामानवाले मात्र दोनदा सडकून भिजले, कारण पाऊस येणार हे त्यांना माहीत असे पण छत्री कुठे आहे हे माहीत नसे. छत्री कुठे असते हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

आणखी एक सवय त्यांना होती, ती मी वेंधळेपणात जमा केली होती. बरसातीतल्या दोन्ही ट्यूबलाइट ते कधीच बंद करत नसत. सकाळी कामावर जाताना चालू, संध्याकाळी चालू, झोपतानाही चालू. बीजी दोनचारदा बोलल्या. ते प्रत्येक वेळी म्हणाले, राहूनच जातं बघा, आणि पुन्हा तेच.

त्यांच्याकडे मांजर होती. वेधशाळेच्या आवारात तापमापक ठेवायची झडपांची एक पांढरी पेटी असते, तिच्याखाली ती पिल्लू असताना थंडीत कुडकुडत बसलेली त्यांना सापडली. त्या दिवशी त्यांनी किमान तापमान आधी वाचलं आणि मग तिला उचललं, हे ते स्वतःच अभिमानाने सांगत. करड्या पट्ट्यांची, हाडकुळी, हिरव्या डोळ्यांची मांजर. नाव ठेवलं बाईसाहेब, आणि तिला ते अहोजाहो करत. "बाईसाहेब, उठा, दूध आलं," असं सकाळी जिन्यापर्यंत ऐकू यायचं. नवा दूधवाला पहिले चार महिने वर कुणी आजारी बाई आहे असं समजून चौकशी करत होता.

बाईसाहेब वर्षाच्या झाल्या आणि फेब्रुवारीत पहिल्यांदा माजावर आल्या. ज्यांनी मांजर पाळलेली नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण सांगते. मांजर जमिनीला छाती टेकून मागची बाजू उचलते, मागच्या पायांनी कणीक तुडवल्यासारखी तुडवत राहते, दिसेल त्याला गाल घासते, लोळते, खाणं सोडते, आणि ओरडते. ते म्यॅंव नसतं. कुणाच्या तरी घरात काहीतरी भयंकर घडलंय असं वाटायला लावणारा तो आवाज असतो. बोका मिळाला तर प्रश्न मिटतो आणि दोन महिन्यांनी चारपाच प्रश्न जन्माला येतात. नाही मिळाला तर आठवडाभर हे चालतं, दहाबारा दिवस शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून. हवामानवाल्यांनी बाईसाहेबांना खोलीतच ठेवायचं ठरवलं होतं. आपली बदलीची नोकरी, पिल्लं कुणाच्या गळ्यात घालायची, असं ते म्हणत. पण खरी भीती वेगळी होती. बाहेर गेलेली मांजर परत आली नाही तर?

त्यांनी लगेच एक वही आखली. तारीख, वेळ, वारा, ढग, आणि शेवटच्या रकान्यात आवाज. शून्य म्हणजे शांत, आठ म्हणजे दारजी काठी घेऊन अंगणात. मग उपाय सुरू झाले. ओल्या पंच्याने अंग पुसून झालं, गरम पाण्याची पिशवी देऊन झाली, रेडिओवर मंद सतार लावून झाली. सतारीने आवाज सहावरून सातावर गेल्याची नोंद मी स्वतः वाचली आहे. एकदा ते चाचरत माझ्या दारात उभे राहिले आणि कुटुंबनियोजनाच्या गोळ्या संस्थेतून मिळतात का, असं भिंतीकडे बघत विचारलं. विधुर माणूस, मी क्षणभर त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. मग उलगडा झाल्यावर सांगितलं की बायकांची गोळी मांजराला द्यायची नाही, अंदाजाने तर मुळीच नाही, जीव जाईल. ते इतके घाबरले की दुसऱ्या दिवशी खोलीतली सर्दीची गोळीसुद्धा माझ्याकडे आणून दिली.

सप्टेंबरात मात्र ते प्रसन्न मुद्रेने खाली आले. त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की मांजराचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस मोठा झाला की सुरू, लहान झाला की बंद. सूर्योदय आणि सूर्यास्त तर त्यांना वर्षभराचे तोंडपाठ. त्यांनी हिशेब मांडून अंदाज जाहीर केला: दिवाळीपर्यंत बाईसाहेब शांत होतील ते थेट वसंतापर्यंत. बीजींनाही तसं कळवलं. दारजींना त्या उन्हाळ्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, झोप फार महत्त्वाची, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बीजी म्हणाल्या, मौसमवाले भाईसाहब ने कहा है तो पक्का.

दिवाळी झाली. बाईसाहेब शांत झाल्या नाहीत. नोव्हेंबर गेला, हवेत धुकं आलं, लोकांनी रजया बाहेर काढल्या, दिवस दहा तासांवर आला, आणि वर गच्चीत सेक्टरातले पाच बोके कठड्यावर ओळीने बसू लागले. त्यांनी बीजींच्या वाळत घातलेल्या रजईवर आपापल्या सह्या केल्या. हवामानवाल्यांचा चेहरा उतरला. आयुष्यात एवढा ढळढळीत अंदाज चुकला नव्हता. ते वही उघडून बसत, पुन्हा पुन्हा सूर्यास्त तपासत, आणि म्हणत, "सूर्य बरोबर आहे वहिनी. मांजर चुकतंय."

डिसेंबरच्या सुरुवातीला बीजी वर आल्या. बाई प्रेमळ, पण त्या दिवशी बसल्या नाहीत. सलग चार रात्री दारजी जागे होते. मला त्या म्हणाल्या, तू समझा दे इन्हें, मैं लोहड़ी तक रुकूंगी, उसके बाद बिल्ली जाए या भाईसाहब जाएं. लोहडी संक्रांतीच्या आदल्या दिवशी असते. मोहालीपलीकडे खरड गावात त्यांच्या भावाचा कोंबड्यांचा व्यवसाय होता. खाद्याच्या गोदामात उंदीर फार, तिथे मांजरीची सोय होईल, आणि गोदाम शेडांपासून लांब आहे, एवढी व्यवस्था त्यांनीच करून ठेवली होती. यापेक्षा वाजवी कुणी काय वागणार? मी वर जाऊन सांगितलं. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले की रविवारी नेऊ, त्या दिवशी वारा पडलेला असेल.

सोबतीला मी गेले, कारण हा माणूस एकटा गेला तर टोपली बसमध्ये विसरेल किंवा स्वतः उतरायचा विसरेल, अशी मला खात्री होती. खरडला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. बीजींचे भाऊ मोठे दिलदार, आधी लस्सी, मग मक्याची रोटी, मग गोदाम. गोदाम चांगलं होतं, कोरडं, पोत्यांच्या थप्प्या, उंदरांची चाहूल. हवामानवाल्यांनी चारी कोपरे बघितले, खिडकीची दिशा बघितली, टोपलीवरून दोनदा हात फिरवला. नाकारण्यासारखं काही सापडलं नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा सूर्य मावळला होता, आणि पलीकडच्या कोंबड्यांच्या लांबलचक शेडांमध्ये एकाएकी ओळीने बल्ब लागले. हिवाळ्याच्या त्या काळपट शेतांत त्या दोन शेडा रेल्वेगाडीसारख्या उजळल्या.

हवामानवाल्यांनी विचारलं, ये बल्ब किसलिए? त्यावर भाऊ हसले. "दिन लंबा करते हैं जी. सर्दी में मुर्गी अंडा बंद कर देती है. बल्ब जलता रहे तो वो समझती है गर्मियां चल रही हैं."

हवामानवाले हललेच नाहीत. बल्बांकडे बघत उभे. मी नर्सिंग शिकवते, मला कोंबड्यांतलं कळत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून माझ्याही डोक्यात त्याच क्षणी दोन ट्यूबलाइट पेटल्या. या माणसाने दहा महिने बाहेरचा सूर्य मिनिटामिनिटाने मोजला होता आणि घरातला मोजायचा राहून गेला होता. बाईसाहेबांच्या आयुष्यात रात्र अशी झालीच नव्हती. तिने बिचारीने काही चूक केली नव्हती. तिच्या दृष्टीने फेब्रुवारीनंतर जून आला होता आणि तो जून अजून संपला नव्हता.

गोदामात शिरून त्यांनी टोपली उचलली. बीजींच्या भावाला मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि आम्ही परतीची बस पकडली. बसमध्ये मी माझ्या पद्धतीने विषय संपवला: मग काय, आजपासून सूर्यास्ताला दिवे बंद. महिनाभरात कळेल. त्यांनी मांडीवरच्या टोपलीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. मोहालीची नवी घरं मागे पडली तरी तेच चाललं होतं. मला राग आला. मांजर वाचवायला एक बटण दाबायचं, त्यात एवढा विचार कसला, असं मी म्हणालेही. तेव्हा दोरीवरची नजर न काढता ते म्हणाले,

"वहिनी, कुलूप काढल्यावर आत अंधार असला की मी हिला हाक मारतो. सवयीने. दिवा असला की नाही मारत."

वॉर्डात मी शेकडो माणसांना धीर दिला आहे. त्याची ठरावीक वाक्यं असतात, ती मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते. त्यातलं एकही वाक्य मला त्या बसमध्ये आठवलं नाही. मी म्हटलं, "कामावरून आलात की आमच्याकडे थांबायचं. जेवूनच वर जायचं. बीजी विणायला येतात, दार उघडंच असतं." ते म्हणाले, त्रास कशाला. मी म्हटलं, त्रास आठापैकी एक.

दुसऱ्या दिवसापासून बरसातीत सूर्यास्ताला अंधार होऊ लागला. त्यांनी तो इतक्या कडकपणे पाळला की पाच वाजून चोवीस मिनिटांनंतर ते वर काडीसुद्धा ओढत नसत. वेधशाळेतून येत, चाचपडत वर जाऊन बाईसाहेबांना दूध देत, आणि चाचपडतच खाली येत. जिन्यात दोनदा कपाळ आपटलं. मग आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी लाकडी खुर्ची टाकून बसत. मी पोळ्या लाटत असे, बीजी विणत, आणि हे आमच्या दोघींच्या मध्ये भाषांतर करत बसत, ज्याची आम्हा दोघींना काहीच गरज नव्हती. मटार सोलायला दिले तर शेंगेत सरासरी किती दाणे ते सांगत. आमच्या ह्यांचा डोंगरातून फोन आला की मी दोन वाक्यं बोले आणि हवामानवाले उरलेली दहा मिनिटं बर्फाची चौकशी करत. आमचे हे पुढे मला विचारू लागले की फोन तुला लावतो की त्यांना. साडेनऊला ते उठत, जिन्याच्या पहिल्या पायरीवर थोडे थांबत, आणि वर जात. ते थांबणं मला दिसत असे.

चालू असलेला माज आठवड्यात ओसरला. पुढचा दहा दिवसांनी यायला हवा होता, आला नाही. पंधरा दिवस गेले, वीस गेले. आवाजाच्या रकान्यात शून्याखाली शून्य. बोके एकेक करून कंटाळून गेले. लोहडीला बीजींनी अंगणात शेकोटी पेटवली, दारजी शाल पांघरून तिच्याशेजारी बसले, आणि बीजींनी रेवड्यांची पहिली मूठ हवामानवाल्यांच्या हातावर ठेवली. मांजरीचं नाव कुणी काढलं नाही.

पण मी गोष्ट अर्धवट सोडणारी बाई नाही. फेब्रुवारीत दिवस वाढणार हे सांगायला वेधशाळा लागत नाही. मी म्हटलं, आता ऑपरेशन करून टाका, ती शांत आहे तोवरच ते सुरक्षित. त्यांनी मान हलवली. आणीबाणीचा काळ होता, नसबंदीची सक्ती चालू होती, ऑपरेशन हा शब्द त्या वर्षात सरकारी नोकर कुजबुजत बोलत. ते म्हणाले, "सध्या जो तो कुणालातरी धरून नेतोय वहिनी. बाईसाहेबांना विचारल्याशिवाय नको." मी म्हटलं, विचारा मग. त्यांनी खरंच विचारलं. एका रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तेव्हा ते तिच्यासमोर मांडी घालून बसले होते आणि खाल्ल्या आवाजात सगळे मुद्दे समजावून सांगत होते, अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही. बाईसाहेब पंजा चाटत होत्या. फेब्रुवारीच्या अखेरीला ते आपणहून खाली आले आणि म्हणाले, "दिवस साडेअकरा तासांवर गेला. सूर्याला बटण नाही. कधी जायचं?"

जनावरांच्या दवाखान्यातले सरदारजी डॉक्टर म्हशींमध्ये मुरलेले. कुत्र्या बऱ्याच केल्या होत्या, मांजरी दोनच. ते त्यांनी लपवलं नाही, म्हणून मला ते आवडले. मी हात धुऊन मदतीला उभी राहिले. हवामानवाल्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं. पाऊण तासाने मी बाहेर आले तर त्यांच्या हातात वही, आणि तिच्यात दर पाच मिनिटांनी आभाळाची नोंद: शून्य, शून्य, शून्य, शून्य. स्वच्छ निळं आभाळ होतं, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. "झालं," मी म्हटलं, "श्वास व्यवस्थित आहे." त्यांनी घड्याळ बघून तेही लिहिलं. अक्षर मात्र त्यांचं वाटत नव्हतं.

दहाव्या दिवशी टाके निघाले. डॉक्टर बाईसाहेबांच्या पोटावर थाप मारून म्हणाले, अब चाहे रात भर दिवाली मनाओ जी, इसको कोई फर्क नहीं. त्या संध्याकाळी मी खालून पाहिलं, बरसातीत दोन्ही ट्यूबलाइट लागल्या होत्या. हवामानवाले खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलावण्याचं कारण संपलं, आता कशाला जायचं, हा त्यांचा हिशेब मला बसल्या जागी वाचता येत होता. तिसऱ्या दिवशी बीजींनी सुया थांबवून खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पोळपाटावरचं पीठ झटकलं आणि वर गेले.

ते खाटेवर बसून पाव दुधात बुडवून खात होते. मांजर मांडीवर. खोलीत इतका उजेड होता की डोळे दिपावेत. मी दारातूनच हात घालून दोन्ही बटणं बंद केली.

"बाईसाहेबांना आता दिवा चालतो," अंधारातून ते म्हणाले.

"बाईसाहेबांना कोण विचारतंय," मी म्हटलं. "आमटी निवतेय. चला."

त्यानंतर सव्वा वर्ष ते रोज आले. मग त्यांची बदली झाली, दूर कोकण किनाऱ्यावरच्या एका छोट्या वेधशाळेत. बाईसाहेब टोपलीतून रेल्वेने गेल्या. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं: पाऊस भरपूर, आर्द्रता विचारू नका, बाईसाहेबांना मासे मानवले आहेत, शेजारी सज्जन दिसतात परंतु अद्याप ओळख नाही. त्या 'परंतु'वर मी बराच वेळ थांबले. मग मला जमतं तसं उत्तर लिहिलं, की ओळख आपोआप होत नसते, सगळीकडे कुणी वर येऊन बटण बंद करत नाही, तुम्ही स्वतः जाऊन दार वाजवा. कडक झालं होतं पत्र. पण टाकलं.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर चारच वाक्यं होती. वाजवले. उघडले. संध्याकाळी कॅरम खेळतात. मला येत नाही, शिकतो आहे.

त्यानंतर पत्र नाही. मीही लिहिलं नाही. आधी परीक्षा होत्या, मग आमच्या ह्यांची बदली, मग सामान. वेधशाळेत काही वेगळं घडलं तरच तातडीने कळवतात, एरवी नाही, असं त्यांनीच मला कधीतरी मटार सोलताना सांगितलं होतं. तेव्हा सगळं सर्वसाधारण असणार, असं मी धरून चालते.